गाडीवरच्या अँटेनाच्या बैठकीसाठी रोधक कोणता?

प्रश्न : मी परवानाधारक हौशी रेडिओचालक असून रत्नागिरीत राहतो. मोटारीच्या मागील बाजूस पोलादी पट्टीची बैठक करून तिच्यावर ७ मेगाहर्ट्झसाठी अडीच मीटरचा व्हिप (उभ्या लवचीक दांड्याचा) अँटेना व त्याच्या तळाशी कॉइल बसवण्याचा विचार आहे. प्रेषणशक्ती १०० वॅट आहे. नायलॉनचा दांडा, पीव्हीसी पाइप आणि हायलमचा (कागद वा कापडाचे थर राळेने चिकटवून केलेल्या तक्त्याचा) तुकडा हाताशी आहे. रोधक (वीज अडवणारा भाग, इन्सुलेटर) म्हणून यांपैकी काय वापरावे?

उत्तर : पदार्थ निवडण्यापूर्वी रोधक कॉइलच्या खाली येणार की वर, हे ठरवावे. आपल्या अँटेनाच्या तळाशी, म्हणजे कॉइलच्या खालच्या टोकाला, व्होल्टेज शंभराच्या आतच राहते. तेथे विद्युतगुणांपेक्षा मजबुती महत्त्वाची असल्याने चिवट नायलॉन खुशाल वापरावा. कॉइलच्या वरच्या टोकाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. एवढ्या आखूड व्हिपची धारिता (कपॅसिटन्स) जेमतेम २५ पिकोफॅरड, म्हणजे प्रतिक्रिया (रिॲक्टन्स, धारितेमुळे प्रवाहाला होणारा विरोध) सुमारे ९०० ओहम असते. तिच्यातून दोन-सव्वादोन अँपिअर प्रवाह गेला की व्होल्टेज दोन हजारांच्या घरात पोहोचते.

या जागी आपल्याकडील तिन्ही पदार्थ मी नाकारीन. नायलॉन पाण्यात पूर्ण भिजल्यास वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषू शकतो, आणि कोकणातील पावसाळ्यात त्याचे रोधकगुण झपाट्याने उतरतात. हायलमच्या कापलेल्या कडांमधून ओल थरांत शिरते. पीव्हीसी पाणी फारसे शोषत नाही, पण उच्च वारंवारतेला त्यात ऊर्जेचा ऱ्हास पॉलिथिलीनपेक्षा कितीतरी जास्त होतो.

माझी पसंती उच्च घनतेच्या पॉलिथिलीनला आहे. भाजी चिरण्याचे जाड पांढरे बोर्ड बहुधा याचेच असतात. ते स्वस्त मिळतात, करवतीने सहज कापता येतात आणि पाणी जवळजवळ शोषत नाहीत. उन्हाने ते ठिसूळ होतात, म्हणून वरून रंगाचा हात द्यावा; मात्र रंग धातूचा चुरा किंवा काजळी असलेला नसावा. टेफ्लॉन विद्युतदृष्ट्या सर्वांत सरस आहे, पण बोल्टच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि घट्ट केलेला नट काही महिन्यांत सैल होतो. जिथे ताकद आणि कोरडेपणा दोन्ही हवेत, तिथे डेलरिनचा (ॲसिटल या कडक प्लास्टिकचा) दांडा लेथवर कातून घ्यावा.

आकाराकडेही तितकेच लक्ष द्यावे. किनाऱ्यावर रोधकाच्या पृष्ठभागावर खाऱ्या ओलीचा पातळ थर बसतो आणि गळती त्याच्यावरूनच होते. म्हणून दोन धातूभागांमधील पृष्ठभाग लांब ठेवावा, त्यावर खाचा पाडाव्यात, पाणी साचेल असा खळगा ठेवू नये आणि पाऊस नसलेल्या दिवसांतही तो गोड्या पाण्याने पुसत राहावे. बोल्ट रोधकातून आरपार नेऊन दुसऱ्या बाजूच्या पट्टीला टेकू देऊ नये. वाऱ्याचा जोर बैठकीवर वाकवणारा येतो, तेव्हा रोधक दोन रुंद वाशरांमध्ये दाबला जाईल अशीच रचना करावी.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तुकडा तापतो का, हे पाहण्याच्या चाचणीवर विसंबू नये. तिथली वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ असते, आणि कोरडा नायलॉन तिथे पास झाला तरी जुलैतल्या नायलॉनविषयी त्यातून काही कळत नाही.