मठात नव्याने येणाऱ्या मुलीला

बेनेडिक्टाइन मठात, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमावलीनं चालणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनींच्या मठात येतेस, तर आधी वर्षांचा हिशेब समजून घे. रोमच्या, म्हणजे व्हॅटिकनच्या, २०१८ च्या नियमांनुसार १ वर्ष ओळखीचं, १ उमेदवारीचं, २ नवदीक्षित म्हणून, मग ५ तात्पुरत्या व्रतांची. कायमची व्रतं त्यानंतर. हा वेळ तुझ्यासाठीच आहे, घाई करू नकोस.

खरी कसोटी स्तोत्रगायनात. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आठवड्याला बायबलमधली १५० स्तोत्रं सांगितली आहेत. नवी मुलगी बहुधा मोठ्यानं गाते, ओळीच्या मध्यावरचा विराम गिळते आणि सगळी रांग विस्कटते. आवाज शेजारणीपेक्षा खाली ठेव, तिच्याबरोबरच श्वास घे.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन. आठवलेला निरोप सकाळी दे. घरची ओढ मात्र दाबू नकोस, नवदीक्षितांच्या मार्गदर्शिकेला मोकळेपणानं सांग.