पेरूच्या अँडीज पर्वतातली गरीब शेतकरी कुटुंबं तग कशी धरतात?

मुख्य म्हणजे सगळी जमीन एकाच जागी नसते. केचुआ, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कुटुंबांची छोटी छोटी शेतं वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेली असतात. वर कडाक्याच्या थंडीने पीक गेलं तरी खालचं काही हाती लागतं. एकाच वावरात बटाट्याचे अनेक वाण लावतात तेही याच हिशेबाने. थंडीचाही ते उपयोग करून घेतात: रात्री गोठलेले बटाटे दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं, मग उन्हात वाळवायचे. हे ‘चुन्यो’ कित्येक वर्षं टिकतात. मजुरीला पैसा नसतो, म्हणून ‘आयनी’: आज मी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही माझ्या. इर्जिकच म्हणा ना! पण हे सगळं फार गोड मानू नका. तरुण पोरं कामासाठी राजधानी लिमाला जातात आणि शेत, जनावरं, म्हातारी माणसं बायकांच्या गळ्यात पडतात.