उतरलेला तबला, बधिर करंगळी
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला) तबला रोज उतरतोय. सकाळी ठोकून लावला की संध्याकाळी अर्धा स्वर खाली. दिव्याजवळ धरला की चढतो, पण आता किनारीला बारीक चीर दिसते आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दिवा चुकतोय, आणि त्याआधीची हातोडीसुद्धा. पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं, कातडं दमट हवेत ओल शोषून सैल पडतं, म्हणून स्वर उतरतो. तुम्ही गठ्ठे (बाजूच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून ते ताणता आणि मग दिव्याने वाळवता. वाळताना कातडं आकसतं, पण ताण तर आधीच दिलेला. एवढा दुहेरी ओढा किनार सोसत नाही. शिवाय दिव्याकडची बाजू आधी वाळते, त्यामुळे घराघरात (किनारीच्या, दोन पट्ट्यांमधल्या भागांत) सूर वेगळा लागतो आणि शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे जातात ते निराळंच.

क्रम उलटा करा. आधी कोरड्या सुती फडक्याने पुडी पुसा. तबला अर्धा-पाऊण तास पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत राहू द्या (एसीच्या झोतासमोर नको) आणि मगच हातोडी उचला. फरक अर्ध्या स्वराहून जास्त असेल तरच गठ्ठ्यांना हात लावा : खाली सरकवले की स्वर चढतो, वर सरकवले की उतरतो. बाकीचं काम गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या विणलेल्या कड्यावर). किनारीवर ‘ना’ वाजवत सोळाही घरं ऐका. जे उतरलेलं असेल तिथे गजऱ्यावर वरून हलका ठोका द्या, मग बरोबर समोरचं घर तपासा, मग काटकोनातली दोन. शेजारशेजारची घरं ओळीने ठोकत गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि सूर कधीच एक होत नाही. घर चढलं असेल तर गजऱ्याला खालून ठोका.

गणपतीच्या दमट मांडवात चढवलेला तबला घरी आणून तसाच एसीत ठेवू नका. रियाज किंवा भजन संपलं की गठ्ठे थोडे वर घ्या. पुड्या फाटतात त्या बऱ्याचदा अशा, कुणी वाजवत नसताना. कव्हर कापडी असू द्या, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते. तुमची चीर गजऱ्याला भिडली असेल तर मात्र पुडी बदलणं आलं.

प्रश्न : रविवारी पाम बीच रोडवर दोन तास सायकल चालवतो. दुपारी पेटीला बसलो की उजवी करंगळी आणि अनामिका सुन्न. जाड जेलचे हातमोजे घेतले, फरक नाही.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याजवळून अल्नर नस जाते. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची जाणीव तिच्याकडे. हँडलवर भार देऊन तुम्ही ती दाबताय. पाम बीच रोड सपाट आणि सरळ, त्यामुळे हात एकाच जागी राहतात. येऊरच्या चढावर माणूस आपोआप पकड बदलतो. हातमोजे फार जाड असले तर उलट पकड घट्ट होते.

आधी सीट बघा. फोनमधलं लेव्हल सीटवर ठेवा. पुढचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो. सीट सपाट करा. मग हँडल सीटच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर आणा. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) बाजूचे बोल्ट सैल करा, वरची टोपी काढा, स्पेसर (छोट्या कड्या) स्टेमखाली घाला. बसवताना आधी टोपी फक्त खुळखुळ जाईपर्यंत आवळा, चाकाच्या रेषेत स्टेम धरा आणि मगच बाजूचे बोल्ट, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके (आवळण्याच्या जोराइतके). क्रम चुकला तर हेडसेटमध्ये (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगमध्ये) खुळखुळ राहते, किंवा हँडल जड वळतं.

हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका. 32 मिमीचा टायर आणि साधारण 70 किलोचा माणूस असेल तर 60 पीएसआयच्या आसपास पुरे. हादरा लगेच कमी होतो. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ, दर पाच-दहा मिनिटांनी हातांची जागा बदला. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा पेटीवर बोटं फाकवताना जोर कमी वाटला, तर सायकल बंद आणि डॉक्टर गाठा.

प्रश्न : ऑफिसातून यायला नऊ वाजतात. तबल्याचा रियाज केला की खालच्या मजल्यावरून फोन येतो. खिडक्या बंद करूनही.
— एक वाचिका, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : खिडकीचा दोष नाही. डग्ग्याचा घुमारा चुंबळीतून फरशीत आणि तिथून स्लॅबमध्ये उतरतो. दोन इंची घट्ट फोम, त्यावर प्लायचा तुकडा, त्यावर सतरंजी आणि मग चुंबळ, असा थर करा. डग्ग्याच्या तोंडावर घडी घातलेला नॅपकिन टाका. घुमारा मरतो, पण बोटांचं वजन कळतं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. तेव्हा दहाच्या आत हात, आणि दहानंतर टाळी-खाली धरून नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं.