चढावर चेन का तुटते?

प्रश्न: दादा, मी सिडकोत राहतो, दर रविवारी मित्रांबरोबर सायकलने त्र्यंबकला जातो. सायकल साधीच, पुढे ३ मागे ७ अशी २१ गिअरची. मागच्या महिन्यात अंजनेरीच्या अलीकडे चढावर चेन तुटली, जोडून घेतली तर १५ दिवसांत त्याच जोडावर परत तुटली. दुकानदार म्हणतो भारीतली चेन टाका. मी तर चढाला पुढची सगळ्यात छोटी चकती लावतो, तरी असं का?

उत्तर: भारीतली टाका हो, पण सवय तीच राहिली तर तीपण तुटणार. दुसऱ्यांदा का तुटली ते सोपंय, जुनीच पिन परत ठोकून बसवली असणार. पिनेची टोकं कारखान्यात दाबून पसरवलेली असतात, एकदा बाहेर काढली की ती पकड गेली. ७ गिअरच्या चेनची क्विक लिंक, म्हणजे पिन न ठोकता चेन जोडायची कडी, मिळते, जोडायला तीच वापरा आणि एक जास्तीची सॅकमध्ये टाका.

आता पहिल्यांदाचं. तुटली तेव्हा तुम्ही गिअर बदलत होतात, लावा पैज! चढ लागतो, स्पीड मरतो, मग माणूस सीटवरून उठून सगळं वजन पेडलवर टाकतो आणि नेमका तेव्हाच खटकन गिअर पाडतो, चेन बिचारी अर्धी या चकतीवर अर्धी त्या चकतीवर, तिरकी, त्यात हा जोर, मग कडीची बाजूची पट्टी पिनेवरून उचकटते. मीपण केलंय हे, गुडघा हँडलवर असा आपटला की आठवडाभर जिना चढताना आई आठवायची. चढ दिसला की पाय फिरते असतानाच गिअर पाडा. उशीर झालाच तर दोन फेरे जोरात मारून घ्या, मग अर्धा फेरा पाय हलके ठेवून गिअर बदला.

आणि ती छोटी चकती. अशा सायकलला बहुतेक पुढे ४२-३४-२४ दात असतात आणि मागे १४ ते २८. पुढे २४ मागे १६ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला मागच्या चाकाचे दीड फेरे, पुढे ३४ मागे २२ म्हणजेही जवळपास तेवढंच. पायाला सारखंच वाटतं पण चेनवरचा ताण २४ वर साधारण १.४ पट जास्त, वर ती तिरकी चालते ते वेगळंच. म्हणून २४ ही मागच्या मोठ्या दोनतीन चकत्यांबरोबरच, खऱ्या चढाला. एरवी मधली. ४२ बरोबर मागची २८ पण नको, तीपण तिरकीच.

नवीन चेन घ्यायच्या आधी जुनी मोजा. एका पिनेच्या मध्यापासून पुढची २४वी पिन, बरोबर १२ इंच भरायला हवं. दीड मिलिमीटर जास्त भरलं तर चेन बदला, तीन मिलिमीटर असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, तोपण गेला समजा, त्याच्यावर नवी चेन टाकली तर ती दातांवरून घसरत राहील. मोजायला स्टीलचा टेप घ्या, पोरांच्या कंपासमधली पट्टी पुरत नाही.