‘फोतय’ला आरामखुर्ची म्हणावं का?

प्रश्न: फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातल्या जुन्या आसनांविषयी मराठीत लिहिताना ‘फोतय’ आणि ‘बेर्झेर’ या दोन्ही प्रकारच्या फ्रेंच खुर्च्यांना ‘आरामखुर्ची’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. आरामखुर्ची म्हटलं की आपल्याला दिसते ती व्हरांड्यातली, मागे रेललेली, लांब हातांवर पाय टाकायची. फोतयमध्ये बऱ्यापैकी ताठच बसावं लागतं. (‘फॉटिल’ लिहू नका. शेवटच्या ‘एल’चा तिथे ‘ल’ होत नाही, ‘य’ होतो.)

शब्दाचं मूळ फ्रँकिश या जुन्या जर्मानिक भाषेतलं ‘फाल्दिस्तोल’, म्हणजे घडीचं आसन. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात ‘दागोबेरचं (जुन्या फ्रँक राजाचं) सिंहासन’ म्हणून ओळखलं जाणारं ब्राँझचं आसन आहे. ते मुळात घडीचंच; पाठ आणि हात मागाहून जोडलेले. शब्दाचंही तसंच झालं: घडी गेली, हात आले, नाव राहिलं.

व्हर्सायच्या दरबारात खुर्चीच्या हातांना फार मोल होतं. राणीसमोर बसण्याचा डचेसना असलेला मान म्हणजे ‘ताबुरे’, बिनपाठीची, बिनहातांची बैठक. ‘आरामखुर्ची’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो. म्हणून फोतयला सरळ ‘हातांची खुर्ची’ म्हणावं, आणि ‘शेझ’ला, म्हणजे नुसती पाठ असलेल्या खुर्चीला, ‘बिनहातांची’.

बेर्झेर ओळखायची तीही हातांवरूनच. फोतयच्या हाताखाली मोकळी जागा असते, आरपार दिसतं. बेर्झेरमध्ये ती जागा कापड लावून बंद केलेली असते आणि बैठकीवर जाड सुटी गादी असते. गादीची उंची धरूनच बैठकीची चौकट खाली ठेवलेली असते. गादी हरवली की माणूस फारच खोल बसतो. बेर्झेर म्हणजे खरं तर मेंढपाळीण, पण ‘मेंढपाळणीची खुर्ची’ लिहिलंत तर वाचक चुकीच्या वाटेला लागेल. शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बंद हातांची’ एवढं सांगा.

असाच दुसरा सापळा ‘आ ला रेन’चा. ती राणीची खुर्ची नव्हे. सपाट पाठीची, सहसा भिंतीला लावून ठेवायची ती ‘आ ला रेन’. आत वळलेल्या पाठीची, हवी तिथे सरकवायची ती ‘काब्रिओले’. ‘लुई पंधरावा’, ‘लुई सोळावा’ हीसुद्धा शैलींची नावं आहेत, मालकांची नव्हेत. पहिलीत पाय नागमोडी, दुसरीत सरळ, खाली निमुळते होत गेलेले आणि बहुधा उभ्या खाचांचे. सोळावा लुई गादीवर आला १७७४ साली, पण त्याच्या नावाची शैली त्याआधीच सुरू झाली होती आणि एकोणिसाव्या शतकात तिच्या नकलाही भरपूर निघाल्या. त्यामुळे ‘सोळाव्या लुईची खुर्ची’ न लिहिता ‘लुई सोळावा शैलीची’ लिहावं.

‘कानापे’ला, म्हणजे एकाहून जास्त जणांच्या लांब आसनाला, मात्र बिनधास्त ‘कोच’ म्हणा. कोचही इंग्रजीतून आला असला तरी मूळचा फ्रेंचच, आडवं होण्यावरून पडलेला. कानापेच्या तळाशी तर ग्रीकमधला डास आहे. मुळात तो शब्द मच्छरदाणीचा.