वाचक विचारतात : विनोदी प्रेमकादंबरी लिहायची तर

या अंकासाठी निवडलेले प्रश्न कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांचे आहेत. सगळ्यांचा रोख एकच आहे, विनोदी प्रेमकादंबरी लिहिणं आणि त्यावर जगता येतं का ते पाहणं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (शाहूपुरी) : माझी कादंबरी ३२ हजार शब्दांत संपते. एका फोटोवरून नायक-नायिकेत गैरसमज होतो आणि शेवटी तो मिटतो. वाचणारे म्हणतात, मधला भाग ताणलाय. कापू की वाढवू?

दुखणं शब्दसंख्येत नसून अडथळ्यात आहे. फोटोवरचा गैरसमज एका फोननं मिटतो. वाचकाला हे निम्म्या पुस्तकातच कळतं आणि तो चिडून म्हणतो, "अगं, विचार की त्याला!" दोघं बोलत का नाहीत याची कारणं मग तुम्हालाच पुरवत बसावी लागतात. कधी मोबाइल बंद, कधी मावशी मध्येच आली. ताण जाणवतो तो इथं.

एक चाचणी करून पाहा. दोघांना रंकाळ्याच्या कट्ट्यावर अर्धा तास बसवा आणि सगळं खरं बोलू द्या. भांडण संपलं, तर अडथळा कच्चा. खरं बोलल्यावर गुंता वाढला, तर पक्का. उदाहरणार्थ, महाद्वार रोडवरचा एकच गाळा. तिला तो वडिलांच्या कोल्हापुरी साजाच्या, म्हणजे गळ्यातल्या दागिन्यांच्या, दुकानासाठी हवाय, त्याला चपलांसाठी. मालकानं दोघांकडून डिपॉझिट घेऊन ठेवलंय आणि निकाल लागेपर्यंत "दोघं मिळून वापरा" म्हणून मोकळा झालाय. शटर एक, कुलपं दोन. सकाळी एक किल्ली वेळेवर येते, दुसरी अर्धा तास उशिरा. ती साज काढून दाखवत असते, तेवढ्यात गिऱ्हाईक विचारतं, "ह्यात आठ नंबर हाय का?" इथं विनोद पाडावा लागत नाही, मांडणीतूनच येतो. आणि दोघंही प्रामाणिक असल्यामुळे एकानं माघार घेतली की त्याच्या घरच्यांचं नुकसान ठरलेलं.

अडथळा पक्का झाला की ४५ ते ५५ हजार शब्द आपोआप भरतात. बाराशे ते अठराशे शब्दांचा एक प्रसंग धरा, असे साधारण पस्तीस. पहिल्या तिनांत दोघांची गाठ पडलीच पाहिजे. मध्यावर एकमेकांशिवाय काम अडेल अशी वेळ आणा. पाऊण वाटेवर जी ताटातूट होते, ती दोघांपैकी एकाच्या स्वतःच्या करणीनं व्हावी. योगायोगानं ताटातूट झाली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. मात्र योगायोगानं भेट झालेली त्याला चालते. प्रत्येक प्रसंगाखाली एक ओळ लिहा : कुणाला काय हवं होतं, शेवटी कुणाची सरशी झाली? सलग तीन प्रसंगांत सरशी त्याच माणसाची असेल, तर मधला काढून टाका.

छपाईचं गणितही ध्यानात असू द्या. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर सुमारे २७० शब्द बसतात. ५० हजार शब्दांची, सुरुवातीची पानं धरून, १९२ पानं होतात, म्हणजे सोळा पानांचे बरोबर बारा फर्मे. ३२ हजारांचं पुस्तक सव्वाशे पानांच्या आसपास थांबतं आणि प्रकाशकाला त्याची किंमत लावणं जड जातं.

प्रश्न (कागल) : माझी नायिका "मी आलो", "मी करतो" असं बोलते. संपादकांनी सगळीकडे "आले", "करते" केलं. भांडू का?

भांडा. इथल्या कितीतरी मुली घरात आणि गल्लीत असंच बोलतात. हे बोलणं काढलं तर नायिका कोल्हापूरची उरत नाही. पण आधी तुमचं पुस्तक तपासा. ती आईशी "आलो" आणि बँकेतल्या मुलाखतीत "आले" म्हणत असेल, तर दोन्ही जाणूनबुजून आहे हे दिसलं पाहिजे. रागाच्या भरात मुलाखतीतच "मी सांगतो तुम्हाला" निघून गेलं, तर तो विनोद फुकटात मिळाला! निवेदन प्रमाण मराठीत ठेवा. प्रत्येक पात्राला पाच-सहा लकबी पुरतात : व्हय, न्हाई, बघ की, काय करालायस. प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहिला की वाचकाची दमछाक होते. "नाद खुळा" पुस्तकभरात एकदा वापरा. ते आता टी-शर्टवरही छापतात.

हस्तलिखितासोबत एक पानाची यादी जोडा : "संवादातली ही रूपं बदलू नयेत." युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईसाठी श्रीलिपी या फॉन्टप्रणालीत नेताना रफार, "दुसऱ्या"मधला ऱ्य आणि "ॲ" हमखास बिघडतात. त्यामुळे दुसरं प्रूफ कागदावरच मागा.

प्रश्न (मंगळवार पेठ) : अंबाबाईच्या किरणोत्सवात दोघांची भेट घडवली आहे. काही काळजी घ्यावी लागेल?

महिना चुकवू नका. किरणोत्सव नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, तोही मावळतीला. सूर्याची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि मूर्तीच्या पायांपासून वर चढतात. ढग किंवा धूलिकण असतील तर वाटेतच विरतात. ही अनिश्चितता कथानकाला उपयोगी पडेल. त्या घटकेला गर्दीचं सगळं लक्ष गाभाऱ्याकडे असतं, तेव्हा लांबलचक संवाद शोभणार नाहीत. खाणाखुणांवर भागवा. जाता जाता, महापुरात दोघांना अडकवायचा मोह अनेकांना होतो. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या वाचकाला त्यात हसू येणार नाही.

प्रश्न (इचलकरंजी) : प्रकाशक एकरकमी दहा हजार देऊन "सर्व हक्क कायमस्वरूपी" मागतोय. सही करू?

त्या वाक्यावर करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे करारात यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. "कायमस्वरूपी" असं लिहून घेतलं की पाच वर्षांची ढाल गळून पडते.

मागायचं ते असं : फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क, पाच वर्षं किंवा एक आवृत्ती. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि मालिका यांची वेगवेगळी कलमं. विनोदी प्रेमकथेला पडद्यावरून मागणी येऊ शकते, म्हणून शेवटचं कलम बिलकूल सोडू नका. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाऊन आलेल्या रकमेवर, हेही लिहून घ्या. विक्रेत्याची सवलत २५ ते ४० टक्के असते, तेव्हा फरक मोठा पडतो. आणि वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब.

प्रश्न (गारगोटी) : दोन कादंबऱ्या आल्या. आता शिक्षकाची नोकरी सोडावी का?

नाही. ३०० रुपये किंमत, ५०० प्रतींची आवृत्ती, १० टक्के रॉयल्टी. सगळी आवृत्ती खपली तर हातात १५ हजार येतात आणि पुस्तकाला वर्ष लागतं. प्रेमकादंबरीला अफाट वाचक मिळवून देणारे ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर शिरोड्याला शाळेत शिकवत आणि हंस पिक्चर्स या चित्रपट कंपनीसाठी कथा लिहीत. दिवाळी अंकांचं मानधन, ऑडिओ, मालिकांचे संवाद असं जोडकाम नियमित येऊ लागेपर्यंत पगार राहू द्या. दिवाळी अंकांसाठी कथा जून-जुलैत पोचली पाहिजे. गणपतीनंतर पाठवलेली बहुतेक पुढच्या वर्षावर जाते. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या लेखकाला साहित्यिक पुस्तकांच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. त्यासाठी प्रकाशकाचं प्रमाणपत्र लागतं, ते हिशेबासोबतच मागून घ्या.

प्रश्न (राजारामपुरी) : सासरी कळू नये म्हणून टोपणनावानं लिहिलं तर हक्क जातात का?

जात नाहीत. खऱ्या नावानं लिहिलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं टिकतो. टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून ६० वर्षं मिळतात आणि त्या मुदतीत खरं नाव जाहीर केलं तर पहिला नियम लागू होतो. मुखपृष्ठावर हवं ते नाव टाका. करारावर, पॅनवर आणि बँक खात्यावर मात्र स्वतःचंच असू द्या. आणि प्रकाशकाचं टपाल कोणत्या पत्त्यावर येणार, तेही आधीच ठरवा.