ऊसगाडीच्या बैलांची तक्रार: आधी तीन महिन्यांची मुदत बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली. ऊसगाडी चढावर अडली, डावा बैल गुडघ्यावर आला, खांद्याला उघडी जखम दिसत होती, तरी पराणीने (टोकाला आर म्हणजे खिळा लावलेल्या काठीने) टोचून त्याला उठवलं. तुम्ही पोलीस ठाण्यात अर्ज दिलात आणि ‘चौकशी करून कळवतो’ एवढंच ऐकून परत आलात. घटना जानेवारीतली आहे आणि आता कुठे दाद मागायची, असं विचारलंय. आपल्या सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांचं ऊसगाळप सुरू झालं की हे रोज कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर घडतं. अशाच एका बैलासाठी मीही याच वाटेने गेलोय आणि ते प्रकरण हातचं गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही. कलमांचे आकडे देतोय ते वकिलाला दाखवून खात्री करून घ्या.

फोटो काढणं, अर्जावर पोच घेणं हे सांगत बसत नाही, तुम्ही ते केलेलंच दिसतंय.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. त्यानंतर पुरावा कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. ही गोष्ट मला कुणीही सांगितली नाही. ज्या कार्यालयाने ती सांगायला हवी होती, त्याच कार्यालयात माझा अर्ज पडून राहिला.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणचं आहे, एवढं पुरे. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, चहा दिला, ‘तुमच्यासारखी माणसं पाहिजेत’ म्हणाले. आठवड्याभराने गेलो तर अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसरीकडे पाठवला होता. दुसरीकडे म्हणाले, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, मूळ कार्यालयात परत पाठवलाय. जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर ‘पोलिसांचं पत्र असल्याशिवाय जखमेचा दाखला देता येत नाही’, आणि ठाण्यात ‘डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू’. प्रत्येक वेळी ‘माहितीस्तव’ असा शिक्का मारलेली प्रत मला मिळायची आणि मला वाटायचं प्रकरण पुढे सरकतंय. हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, बैलही गेले. मग एक पत्र आलं: सदर जनावर पाहणीवेळी आढळून आले नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल. म्हणजे बंद. तोवर मुदतही टळून गेली होती. त्या बैलाच्या खांद्यात किडे पडलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. अजून ते पत्र वाचलं की संताप येतो. मारणाऱ्यापेक्षा जास्त राग मला त्या गोड बोलण्याचा आहे.

म्हणून सांगतो, तोंडी आश्वासनावर एक दिवसही घालवू नका. जादा ओझं घालणं, मारणं, जखमी जनावर कामाला जुंपणं हे सगळं कलम ११ मध्ये येतं, पण ते अदखलपात्र आहे. त्यामुळे ठाण्यात बहुतेक एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होणार आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. त्यांच्यावर चिडून फायदा नाही, कायदाच तसा आहे. एनसीची प्रत घ्या आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्या. जनावर तुमचं नसलं तरी फिर्याद देता येते. मुदत मोजली जाते ती फिर्याद कोर्टात दाखल होण्याशी, कुठल्या कार्यालयातल्या आवक नोंदीशी नाही. दाखल्यावरून टोलवाटोलवी झालीच तर कलम ३४ वाचून दाखवा. हवालदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घेऊ शकतो, असं त्यात आहे. अर्जातच ती मागणी लिहा.

आता पुराव्याबद्दल. लोक व्हिडिओवर भर देतात. व्हिडिओने लोक हळहळतात, पण ओझं किती होतं ते सिद्ध होत नाही. ओझ्याचा पुरावा कारखान्याच्या काट्यावर तयार होतो. प्रत्येक गाडी भरलेली तोलतात, गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात तिथे) रिकामी झाली की पुन्हा तोलतात. वजनपावतीवर तारीख, वेळ, गाडीवानाचं नाव किंवा गाडीचा नंबर आणि दोन्ही वजनं येतात. ती पावती ज्याचा ऊस आहे त्या शेतकऱ्याला मिळते, कारण त्याचं बिल त्यावरच निघतं. तेव्हा तो उसाचा फड कुणाचा होता ते शोधा आणि त्या शेतकऱ्याला विनंती करा. माझा अनुभव असा की शेतकरी देतो, फक्त आपलं नाव पुढे येऊ नये एवढीच त्याची अट असते. ती पाळा.

ओझ्याची मर्यादा १९६५ च्या नियमांत आहे. दोनचाकी गाडी असेल आणि बैल ३५० किलोच्या वरचा असेल, तर एका बैलामागे बॉलबेअरिंगच्या गाडीला १८०० किलो, नुसते हवेचे टायर असतील तर १३५०, टायरच नसतील तर ९००. २०० ते ३५० किलोच्या बैलाला हेच आकडे १४००, १०५० आणि ७०० असे उतरतात. जोडी असेल तर दुप्पट. शिवाय दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. सोलापुरात मार्च उजाडला की काय होतं ते सांगायला नको. त्या दिवसाच्या तापमानाची सोलापूर वेधशाळेची नोंद फिर्यादीला जोडता येते. आर लावलेली काठीही याच नियमांनी बंद आहे, म्हणजे तुमच्या फोटोतली पराणी हा वेगळा मुद्दा झाला. बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला फोटोत वाचता येत असेल तर त्यावरचा १२ अंकी नंबर लिहून ठेवा. टोळी गावी गेली तरी त्यावरून जनावर शोधता येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट कारखान्याला टाकू नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी संस्था सरसकट त्या कायद्यात येत नाहीत, आणि खासगी कारखाने तर नाहीतच. साखर आयुक्तालयामार्फत जी माहिती सरकारला मागवता येते ती मागा. पण त्याची ३० दिवसांची मुदत, मग अपील, यात तुमचे तीन महिने संपतील. फिर्याद आधी, माहिती अधिकार नंतर.

यापुढचं माझं मत आहे, काहींना पटणार नाही. गाडीवानाला एकट्याला आरोपी करून थांबू नका. त्याने मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, बहुतेकदा बैलांची जोडीही त्याच पैशातून आलेली असते. खेपेला टन जास्त गेला तर उचल लवकर फिटते, म्हणून तो मोळ्या चढवत जातो. पहिल्यांदा गुन्हा शाबित झाला तर दंड १० ते ५० रुपये. एवढ्याने काय बदलणार? पण नियमांत ‘वापरणे किंवा वापरायला लावणे’ असे शब्द आहेत. ज्या काट्यावर जादा वजनाची नोंद होते, जो ते वजन बघूनही दुसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच ओझ्याने आत घेतो, कारखान्याचा जो शेतकी विभाग खेपा ठरवतो, त्यांना उत्तर द्यायला लावलं पाहिजे. फिर्यादीत त्यांचा उल्लेख कसा करायचा ते वकिलाकडून नीट लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच तारखेला अडेल. कारखाना सहकारी असेल आणि घरात कुणी सभासद असेल, तर वार्षिक सभेसाठी लेखी प्रश्न द्या: मर्यादेपेक्षा जास्त वजनाच्या बैलगाड्या किती आल्या आणि त्यावर काय केलं? लेखीच द्या. सभेत माईक बंद होतो.

काही गोष्टी विखुरलेल्याच सांगतो. गाडीवानाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एकदा गावातली पोरं टोळीवर धावून गेली, बायका-लेकरं घाबरून पालात लपली, आणि बैलाचा विषय राहिला बाजूला. रस्त्यात गाडी अडवू नका, उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. बैल बसलाच असेल तर आधी जू मोकळं करायला सांगा, मग १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून फिरतं पथक बोलवा. खांदेसूज सुरुवातीला कळली तर चार-आठ दिवसांच्या विश्रांतीने आणि मलमाने उतरते, जखम झाल्यावर अवघड जातं. गाडीतळावर (बैलगाड्या थांबतात त्या जागी) हंगामभर जनावरांचा डॉक्टर ठेवा, ही मागणी कारखान्याला मान्य करायला सोपी असते, ती जरूर करा. रात्रीच्या गाड्यांना रेडियम लावायचं कामही गावच्या शाळेतली मुलं सहज करतील. त्याने टोळीतल्या लोकांशी ओळख होते आणि मग तेच फोन करून सांगतात की अमक्याचा बैल लंगडतोय.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही एक प्रत पाठवा, पण तिथल्या बैठकीची वाट बघत बसू नका.

जानेवारीतली नेमकी तारीख पोस्टमध्ये नाही. ती कळवा, आणि एनसी झाली आहे की नुसता अर्ज घेतलाय तेही लिहा. पंढरपूर आणि माढा कोर्टात अशा फिर्यादी लिहिणारे ओळखीचे वकील आहेत, तारीख कळली की आजच फोन लावतो.